उंचीचा हिशोब : छोट्या इंजिनाच्या पिकअपचा एक अमेरिकी इतिहास

रोलां बार्थच्या 'मिथॉलॉजीज' (१९५७) या पुस्तकात सीत्रोएन कंपनीच्या डी. एस. या मोटारीवर एक छोटेखानी लेख आहे. ही दोन अक्षरे फ्रेंचमध्ये सलग उच्चारली की 'देवी' असा शब्द ऐकू येतो, आणि बार्थ त्या श्लेषाचा पुरेपूर लाभ उठवतो. चिन्हमीमांसा शिकवताना हा लेख उपयोगी पडतो, कारण वस्तू हीदेखील एक संहिता असते, हे तो फार थोडक्यात दाखवतो. मात्र त्या लेखातील मोटार प्रदर्शनाच्या दालनात उभी आहे. लोक तिचा पत्रा चाचपून पाहतात, काचा न्याहाळतात, सांधे शोधतात. तिच्याखाली कोणी शिरत नाही. आम्हाला येथे अशा एका वाहनाविषयी लिहायचे आहे, ज्याच्याखाली उताणे पडून पाहिल्याशिवाय त्याची संहिता वाचताच येत नाही.

हे वाहन म्हणजे छोट्या, चार सिलिंडरच्या इंजिनाचा पिकअप. पण मूळ उंचीवरचा नव्हे, तर पाटे बदलून उंच केलेला आणि मूळच्यापेक्षा बरेच मोठे टायर चढवलेला. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्निया आणि पश्चिमेकडील राज्यांत, १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तो दिसू लागला. त्याच्याविषयी सांस्कृतिक अभ्यासाच्या अंगाने जे बोलले जाते, त्याचा सूर बहुधा ठरलेला असतो : उंची म्हणजे सत्ता, टायर म्हणजे पौरुष, आणि एकूण प्रकार म्हणजे दिखावा. हे वाचन खोटे नाही. पण ते अर्धे आहे, आणि अर्धे राहण्याचे कारण असे की ते वाहनाकडे रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहते. इंजिन छोटे आहे, ही गोष्ट त्याच्या हिशोबात येतच नाही. आमच्या मते या इतिहासातील सगळा पेच त्या छोटेपणात आहे.

पिकअप हे मुळात कष्टकऱ्याचे वाहन. फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टी गाडीला कारखान्यातूनच मागे छोटा हौदा बसवून द्यायला सुरुवात केली. त्याआधी शेतकरी आणि सुतार हेच काम स्वतः करवत व हातोडी घेऊन करीत. साहित्याच्या वाचकाला या हातकामाची ओळख स्टाइनबेकमुळे असते. 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' (१९३९) मधील जोड कुटुंब ज्या वाहनातून ओक्लाहोमा सोडते, ती मुळात हडसन कंपनीची बंद मोटार आहे. तिचा मागचा भाग कापून तिचा ट्रक केलेला आहे. कादंबरीवरच्या चर्चेत स्थलांतर, जमीन, बँक आणि बायबलातील प्रतिमा यांविषयी भरपूर लिहिले गेले आहे. त्या मानाने धाकटा अल जोड वाहन चालवताना इंजिनाचा प्रत्येक बारीक आवाज कसा ऐकत असतो, आणि वाटेत भेटलेल्या विल्सन कुटुंबाच्या गाडीचे जळालेले बेअरिंग बदलण्याचा प्रसंग स्टाइनबेक किती तपशिलाने लिहितो, याकडे फारसे लक्ष जात नाही. ज्याच्याकडे दुसरे वाहन घ्यायला पैसे नाहीत, त्याला आहे त्या वाहनाची शरीररचना माहीत असावी लागते. हे ज्ञान हाच त्या माणसांचा एकमेव ठेवा आहे, हे स्टाइनबेकने ओळखले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी पिकअप मोठा होत गेला, त्याच्यात आठ सिलिंडरची इंजिने रूढ होत गेली. छोटा पिकअप आला तो जपानमधून. डॅटसनचा सुमारे एक लिटर इंजिनाचा पिकअप १९५० च्या दशकाच्या अगदी शेवटी अमेरिकी किनाऱ्यावर उतरला, तेव्हा तो एखाद्या खेळण्यासारखा वाटला असणार. पण माळी, नळकाम करणारे, छोटे दुकानदार यांना तो परवडत होता. टोयोटाचा हायलक्स जपानमध्ये १९६८ साली आणि अमेरिकेत त्यानंतरच्या वर्षी आला. १९७२ पर्यंत फोर्ड आणि शेव्हरोले यांनाही आपापल्या नावाच्या पाट्या लावून अनुक्रमे माझ्दा व इसुझू यांचे छोटे पिकअप विकावे लागले, यावरून बाजाराची दिशा कळते.

येथे कोंबडीच्या कराची गोष्ट सांगणे भाग आहे. युरोपीय आर्थिक समुदायाने १९६२ मध्ये अमेरिकी कोंबड्यांवर जबर आयात शुल्क बसवले. त्याला उत्तर म्हणून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर पंचवीस टक्के शुल्क जाहीर केले. रोख जर्मनीच्या फोक्सवॅगनवर होता. पुढे बाकीच्या वस्तूंवरचा कर उठला. ट्रकवरचा राहिला, आणि त्याची झळ लागली जपान्यांना. मग पळवाटा निघाल्या. हौदा नसलेला ट्रक, म्हणजे नुसती चेसिस आणि पुढची केबिन, आणायचा आणि हौदा अमेरिकेत बसवायचा. शुल्क चार टक्के. टोयोटाचे हौदे कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे तयार होत. ही वाट १९८० मध्ये बंद झाली. सुबारूने तर आपल्या छोट्या 'ब्रॅट'च्या उघड्या हौद्यात मागे तोंड केलेल्या प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या बसवल्या आणि हे मालवाहू नव्हे, प्रवासी वाहन आहे, असा दावा केला. रोनाल्ड रेगन यांच्या कॅलिफोर्नियातील कुरणावर असाच एक ब्रॅट होता. मुक्त बाजाराच्या त्या थोर पुरस्कर्त्याने कर चुकवण्यासाठी लावलेल्या खुर्च्यांची गाडी बाळगावी, यात आम्हाला विनोद दिसतो. अर्थात त्यांना तो दिसला असेलच असे नाही.

आता १९७९. त्या वर्षीच्या श्रेणीत टोयोटाने छोट्या पिकअपची चारही चाकांना ताकद देणारी आवृत्ती अमेरिकेत आणली. तिच्यात सुमारे २.२ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन होते. ताकद साधारण नव्वद अश्वशक्ती. १९८१ मध्ये त्याजागी २.४ लिटरचे '२२ आर' इंजिन आले, ताकद सत्त्याण्णव. पुढे इंधन-इंजेक्शन आल्यावर ती शंभरीच्या थोडी वर गेली. हे इंजिन टिकाऊपणासाठी प्रसिद्ध झाले, वेगासाठी नव्हे. पुढचा अॅक्सल सलग नळीचा होता, पुढे आणि मागे पाट्यांच्या कमानी होत्या. म्हणजे रचना जवळजवळ बैलगाडीइतकी उघड. शंभर-दीडशे रुपयांचा पान्हा हाती असलेल्या कोणालाही, किंवा तिकडच्या भाषेत सांगायचे तर काही डॉलरचा पान्हा हाती असलेल्या कोणालाही, ती समजत असे. उंचीचा सगळा खटाटोप या उघडेपणातून जन्मला.

उंची का हवी? वाळवंटात आणि खडकाळ वाटांवर वाहनाचे पोट खाली घासते. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतातील रुबिकॉन नावाच्या वाटेवर १९५३ पासून जीपधारकांची संघटित सहल निघत आलेली आहे. तेथील दगड टेबलाएवढे असतात. मोठ्या टायरची बाजारपेठ १९६० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात उभी राहिली. डिक सेपेक यांच्यासारखे विक्रेते वाळूत रुतणार नाहीत असे रुंद टायर वाळवंटप्रेमींना विकू लागले. १९७६ मध्ये बी. एफ. गुडरिचने रस्ता आणि रान दोन्हींसाठी चालणारा रेडियल टायर आणला. आता प्रश्न एवढाच होता की छोट्या जपानी ट्रकच्या मडगार्डखाली तो मावणार कसा.

या ठिकाणी सर्वसाधारण समजुतीला छेद देणारी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पाटे बदलून ट्रक चार इंच उंच केला, तर त्याची चेसिस चार इंच वर जाते; पण अॅक्सल आहे तिथेच राहतो. अॅक्सलच्या मध्यभागी डिफरन्शियलचा जो गोळा असतो, तोच सर्वांत खाली लोंबतो आणि तोच दगडाला आपटतो. त्याला वर उचलण्याचा मार्ग एकच : मोठा टायर. मूळ टायर साधारण २८ इंच व्यासाचा. ३३ इंची टायर लावला तर अॅक्सल किती वर जाईल? पाच इंच नव्हे. व्यासातील फरकाच्या निम्मा, म्हणजे अडीच इंच. डोळ्यांना जे साडेसहा इंच दिसतात, त्यांतले जमिनीवर उपयोगी पडणारे अडीच. उरलेले चार इंच टायरला जागा करून देण्यासाठी आणि चढ-उताराचा कोन वाढवण्यासाठी. दिखावा आणि उपयोग यांचे प्रमाण इतक्या नेमकेपणाने मोजता येणारी दुसरी सांस्कृतिक वस्तू आमच्या तरी माहितीत नाही.

उंच करण्याच्या रीतीही दोन, आणि त्यांत एक नैतिक म्हणावा असा भेद आहे. एक रीत पाट्यांची : अधिक बाक असलेले पाटे घालायचे, शॉक अॅबसॉर्बर लांब घ्यायचे, ब्रेकच्या नळ्या वाढवायच्या, स्टीअरिंगच्या दांड्यांचे कोन सरळ करायचे, फिरत्या शाफ्टचा कोन तपासायचा. दुसरी रीत बॉडीची : चेसिस आणि बॉडी यांच्यामध्ये दोन-तीन इंचांचे ठोकळे घालायचे. हिच्यात टायरला जागा मिळते, बाकी काहीच वर जात नाही. स्वस्तात दुसरी भागते. पहिल्या रीतीत मात्र एक धागा ओढला की दुसरा निघतो. पाटे उंच केले आणि स्टीअरिंगकडे पाहिले नाही, तर खड्ड्यात चाक उसळताच गाडी आपोआप एका बाजूला वळते. शाफ्टचा कोन वाढला आणि सांध्यांकडे दुर्लक्ष झाले, तर ताशी साठ-सत्तरला गाडी थरथरते. पुढच्या अॅक्सलवर पाट्यांखाली नुसते लोखंडी ठोकळे ठेवून उंची मिळवणे तर सरळ धोक्याचे; जोरात ब्रेक दाबल्यावर ठोकळा निसटू शकतो. हे सारे पुस्तकांत नव्हते. ते गॅरेजमधून, मासिकांतून आणि एकमेकांच्या मोडलेल्या गाड्यांवरून शिकले गेले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मोठा टायर म्हणजे लांब तरफ. इंजिन अॅक्सलला तेवढाच पीळ देते, पण तो आता जमिनीपर्यंत अधिक लांबून पोहोचतो. २८ च्या जागी ३३ इंच म्हणजे रस्त्यावर पडणारा जोर मूळच्या सुमारे पंच्याऐंशी टक्के. तीनशे अश्वशक्तीच्या आठ सिलिंडरवाल्याला हे जाणवतही नाही. सत्त्याण्णववाल्याला मात्र घाट लागला की चौथा गिअर सोडून तिसरा, तिसरा सोडून दुसरा टाकावा लागतो. पाचवा गिअर नुसता शोभेचा उरतो. क्लच जळतो. ब्रेक उशिरा लागतात, कारण जड चाक थांबवायलाही तीच तरफ उलटी लागू होते. वेगदर्शक काटा खोटे बोलू लागतो : तो ताशी ऐंशी किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी चौऱ्याण्णवच्या वेगाने चाललेली असते. थोडक्यात, छोट्या इंजिनाचा ट्रक मोठे टायर लावल्यावर शरीराने थोर आणि प्रकृतीने दुबळा होतो.

यावर उपाय इंजिन बदलण्याचा होता, आणि ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी तो केलाही. बाकीच्यांनी दातांचा हिशोब केला. डिफरन्शियलमधील क्राऊन आणि पिनियन यांच्या दातांचे मूळ प्रमाण ४.१० होते; म्हणजे शाफ्ट ४.१० वेळा फिरला की चाक एकदा फिरते. टायर ज्या प्रमाणात वाढला त्याच प्रमाणात हा आकडा वाढवला, तर इंजिनाला मूळची स्थिती परत मिळते. ४.१० ला ३३ ने गुणून २८ ने भागले की ४.८३ येतात. बाजारात मिळणारे सर्वांत जवळचे प्रमाण ४.८८. ३५ इंची टायरसाठी हिशोब येतो ५.१२ च्या आसपास, त्यासाठी ५.२९ ची जोडी मिळते. हे आकडे त्या पिढीतील शेकडो पोरांना पाढ्यांसारखे पाठ होते. एका अॅक्सलचे दात बदलून भागत नाही, दोन्हींचे बदलावे लागतात. नाहीतर चारही चाकांना ताकद देताच पुढची-मागची चाके एकमेकांशी भांडतात. पिनियनची खोली आणि दातांमधली मोकळीक इंचाच्या हजाराव्या भागात जुळवावी लागते. दातांवर रंग लावून ठसा पाहतात. ठसा चुकीच्या जागी उमटला की सगळे पुन्हा उघडायचे.

हे काम रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नाही. टायर दिसतो, उंची दिसते, ४.८८ दिसत नाही. म्हणूनच आम्ही म्हणतो की हे चिन्ह बाहेरून वाचून पुरत नाही. एकसारखे दिसणारे दोन ट्रक शेजारी उभे असतात. एकाने केवळ पोशाख चढवलेला असतो, तर दुसऱ्याने आपल्या इंजिनाची मर्यादा मान्य करून तिच्याभोवती सगळी रचना नव्याने जुळवलेली असते. चिन्हमीमांसेला हे दोघे एकच वाटतात. घाटात ते वेगळे होतात.

१९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे मार्लिन चाय्कोव्स्की यांनी या विचाराला पुढच्या टोकाला नेले. टोयोटाच्या ट्रान्सफर केसमध्ये खडकांवर वापरण्यासाठी २.२८ पट मंद होणारी एक श्रेणी असते. त्यांनी अशा दोन केस एकामागे एक जोडल्या. २.२८ गुणिले २.२८ म्हणजे ५.२. पहिला गिअर साधारण चार, अॅक्सलचे ५.२९, सगळे गुणले की एकशे दहाच्या आसपास येते. इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांच्या संथ गतीवर असताना ३५ इंची चाकांचा ट्रक ताशी सव्वा किलोमीटरने सरकतो. माणूस याच्या तिपटीहून जास्त वेगाने चालतो. पण त्या गतीने तो टेबलाएवढ्या दगडावर चढतो, तेही तेवढ्याच सत्त्याण्णव-शंभर अश्वशक्तीवर. ताकदीची उणीव वेळाने भरून काढायची, हा तो व्यवहार. मोठ्या इंजिनाचा चालक जेथे जोर लावून अॅक्सल मोडून घेई, तेथे हे छोटे ट्रक सावकाश निघून जात.

त्याआधीच मिझुरी राज्यात दुसरेच काही घडले होते, आणि त्याचा उल्लेख केला नाही तर चित्र एकांगी होईल. बॉब चँडलर यांचा १९७४ सालचा फोर्ड एफ-२५० हा मोठ्या इंजिनाचा ट्रक त्यांच्या दुकानाच्या जाहिरातीसाठी वाढत वाढत 'बिगफूट' झाला. १९८१ मध्ये त्यांनी एका शेतात जुन्या मोटारी त्याच्याखाली चिरडल्या, आणि १९८२ मध्ये मिशिगनमधील सिल्व्हरडोम या बंदिस्त मैदानात ६६ इंची टायर लावून तोच खेळ हजारो प्रेक्षकांसमोर केला. त्यानंतर उंच ट्रक या कल्पनेचा सार्वजनिक अर्थच बदलला. दगड ओलांडण्याच्या जागी दुसऱ्याची गाडी चिरडणे आले. वाहनाची उंची आक्रमक आहे असे जे म्हटले जाते, त्याचे मूळ आम्हाला रुबिकॉनच्या दगडांत नव्हे, या मैदानात दिसते.

आणि मग १९८५ चा चित्रपट : रॉबर्ट झेमेकिस दिग्दर्शित 'बॅक टू द फ्यूचर'. मार्टी मॅकफ्लाय हा मुलगा चौकात उभा राहून एका काळ्या टोयोटा पिकअपकडे आसुसून पाहतो. ट्रक उंच केलेला आहे, टायर मोठे आहेत, हौद्यावरच्या नळीवर दिव्यांची रांग आहे. चित्रपटाच्या अखेरीस, भूतकाळात जाऊन त्याने आई-वडिलांचे आयुष्य बदलल्यावर, तोच ट्रक त्याच्या घराच्या गॅरेजमध्ये पुसूनपासून उभा असतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या शेवटाकडे जरा थांबून पाहावे. बदललेल्या वर्तमानात वडील लेखक झालेले आहेत. त्यांच्या पहिल्या कादंबरीच्या प्रतींचे खोके त्याच सकाळी घरी येते. पुस्तक आणि पिकअप एकाच सकाळी, एकाच उंबऱ्यावर. रेगनकालीन मध्यमवर्गाच्या यशाची ही दोन मानचिन्हे एकमेकांशेजारी ठेवताना पटकथाकारांना काहीच विसंगत वाटलेले नाही. जोड कुटुंबाच्या कापलेल्या हडसनपासून येथवरचे अंतर शेहेचाळीस वर्षांचे. अल जोडला इंजिन ऐकावे लागत होते, मार्टीला किल्ली मिळते. तो ट्रक कोणी उंच केला, दात बदलले की नाही, हे चित्रपट विचारत नाही; बक्षीस म्हणून आलेल्या वस्तूला असे प्रश्न विचारायचे नसतात.

योगायोग असा की नेमक्या त्याच वर्षी त्या ट्रकची उघडी रचना संपली. १९८६ च्या श्रेणीपासून टोयोटाने पुढचा सलग अॅक्सल काढून स्वतंत्र सस्पेन्शन आणले. गाडी रस्त्यावर अधिक सुखाची झाली, आणि ते योग्यच होते, कारण बहुसंख्य गिऱ्हाईक रस्त्यावरच होते. पण पुढे उंची वाढवणे आता पाट्यांचे काम राहिले नाही. कंस, उतरवलेले आधार, मर्यादित कोन अशी गुंतागुंत आली. म्हणून १९८५ चा ट्रक, सलग अॅक्सल आणि इंधन-इंजेक्शन एकत्र असलेला, जुन्या बाजारात वेगळाच भाव खाऊ लागला. काही जण तर नव्या ट्रकखाली जुना अॅक्सल बसवतात. कारखान्याने पुढे टाकलेले पाऊल गॅरेजने मागे घेतले, असे उदाहरण यंत्रांच्या इतिहासात वारंवार सापडत नाही.

या सगळ्याला समांतर, आणि आमच्या मते अधिक निर्मळ, अशी एक कथा आइसलँडमध्ये घडली. तेथे चारचाकी रानगाडीला 'जेप्पी' म्हणतात. युद्धकाळात अमेरिकी सैनिकांबरोबर आलेल्या जीपवरून हा शब्द पडला. (आपल्याकडेही महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीपची जुळणी सुरू केल्यावर 'जीप' हे मराठीत सामान्यनाम होऊन बसले, साखर कारखान्याच्या राजकारणावरची कोणतीही ग्रामीण कथा तिच्याशिवाय पुढे सरकत नसे.) आइसलँडमध्ये प्रश्न दगडाचा नव्हता, हिमनदीवरच्या भुसभुशीत बर्फाचा होता. बर्फावर रुतायचे नसेल तर वजन पसरावे लागते. दोन हजार किलोचा ट्रक तीस पौंड दाबाच्या टायरांवर उभा असेल, तर त्याचा जमिनीवरील ठसा साधारण हजार चौरस सेंटिमीटर. दाब तीन पौंडांवर आणला तर तोच ठसा तत्त्वतः दसपट. एवढी हवा सोडूनही रिम जमिनीला टेकू नये म्हणून टायर ३८ इंची आणि रुंद. आणि तो मावावा म्हणून उंची. येथे क्रम उलटा आहे : उंची हेतू नाही, परिणाम आहे. हलके वाहन बर्फावर जड वाहनापेक्षा बरे, त्यामुळे जेमतेम ऐंशी अश्वशक्तीच्या २.४ लिटर डिझेल हायलक्सलाही तेथे मान होता. हेच काम करणारी आर्क्टिक ट्रक्स ही संस्था १९९० मध्ये तेथील टोयोटा विक्रेत्याचा एक विभाग म्हणून सुरू झाली. तिने सजवलेले हायलक्स २००७ मध्ये बीबीसीच्या 'टॉप गिअर'ने उत्तर चुंबकीय ध्रुवाच्या १९९६ सालच्या स्थानापर्यंत नेले.

अमेरिकेत मात्र छोटा पिकअप स्वतःच मोठा होत गेला. १९९५ मध्ये टकोमा हे नाव आले, पुढे आकार वाढत राहिला. फोर्डचा छोटा रेंजर २०११ मध्ये तेथे बंद झाला आणि २०१९ मध्ये परतला तो अंगाने भरून. २०२४ च्या श्रेणीतील टकोमाचे इंजिन पुन्हा २.४ लिटरचे, चार सिलिंडरचेच आहे; पण टर्बोच्या जोरावर त्याची ताकद २२८ ते २७८ अश्वशक्ती आहे. त्याची एक आवृत्ती कारखान्यातूनच उंच होऊन, ३३ इंची टायर लावून येते. ज्या गोष्टीसाठी एक पिढी शनिवार-रविवार गॅरेजच्या फरशीवर पडून राहिली, ती आता हमीपत्रासह दालनात मिळते. यात तक्रार करण्यासारखे काही नाही. हिशोब जुळवून मिळतो, अपघात कमी होत असतील. मात्र घेणाऱ्याला तो हिशोब माहीत असण्याचे कारण उरलेले नाही.

अपघातांचे निघालेच आहे तर उंचीची दुसरी बाजूही सांगायला हवी, आणि येथे आम्हाला या वाहनाविषयीची आमची आपुलकी आवरती घ्यावी लागते. वाहन उलटण्याचा धोका मोजण्याचे सूत्र अगदी साधे आहे : दोन चाकांमधील रुंदीच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. उंची वाढली की भागाकार घटतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००१ च्या श्रेणीपासून या सूत्रावर आधारित मानांकन सुरू केले. पण ते कारखान्यातून निघालेल्या वाहनाचे. गॅरेजमध्ये उंच केलेल्याचे मानांकन कोणी करीत नाही. हा धोका निदान चालकाने स्वतः पत्करलेला असतो. रस्त्यावरच्या पादचाऱ्याने काहीच पत्करलेले नसते. तेथील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ज्या वाहनांचे बॉनेट चाळीस इंचांहून उंच असते ती, तीस इंच किंवा त्याहून ठेंगण्या व उतरत्या नाकाच्या वाहनांच्या तुलनेत, पादचाऱ्याला धडकल्यास त्याचा जीव घेण्याची शक्यता सुमारे पंचेचाळीस टक्क्यांनी अधिक असते. ठेंगणी मोटार पायांना लागते. उंच ट्रक छातीला आणि डोक्याला. हा अभ्यास मुख्यतः कारखान्यातूनच उंच निघणाऱ्या वाहनांविषयी आहे, हे खरे. तथापि गॅरेजमध्ये मिळवलेले चार इंच त्याच पट्टीवर मोजले जाणार. छोटा ट्रक उंच केल्यावर, या एका बाबतीत, तो छोटा उरत नाही.

उंचीच्या हौसेची सर्वांत अलीकडची तऱ्हा तर तिच्या मूळ हेतूच्या थेट विरोधात जाते. कॅरोलायना राज्यांत पुढची बाजू उंच आणि मागची खाली बसलेली अशा ट्रकची लाट आली. तिला 'कॅरोलायना स्क्वॅट' म्हणतात. वाळवंटी शर्यतींतले ट्रक उडी मारून उतरताना क्षणभर तसे दिसतात. येथे तो क्षण कायमचा गोठवलेला आहे. नॉर्थ कॅरोलायनाने डिसेंबर २०२१ पासून अशा ट्रकवर बंदी आणली : पुढचे मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक उंच असता कामा नये. व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलायना यांनीही तसेच कायदे केले. या ट्रकला दगड ओलांडता येत नाही, हौद्यात माल लादता येत नाही, कारण मागची बाजू आधीच टेकलेली असते. बॉनेट डोळ्यांपुढे आल्याने चालकाला समोरचा रस्ता नीट दिसत नाही, आणि रात्री त्याचे दिवे रस्त्याऐवजी समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांत आणि त्यांच्याही वर झाडांच्या शेंड्यांवर पडतात.